पेरूगेटजवळची अभ्यासिका, सीट नंबर १७ आणि माझी साडेचार वर्षं

माझ्या मावसबहिणीचं बीएचं शेवटचं वर्ष संपलं आणि आता तिला एमपीएससीसाठी पुण्याला यायचंय. महिनाभर झाला रोज एकच प्रश्न, ताई अभ्यासिका कुठली लावू. तिला फोनवर तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते, म्हणजे तिच्यासारख्या अजून कुणाला उपयोग झाला तर होईल. मी या अभ्यासिकेत ऑक्टोबर २०१९ पासून बसले, मधलं लॉकडाऊन धरून साडेचार वर्षं. नाव लिहीत नाही कारण काकांना, म्हणजे अभ्यासिकेच्या मालकांना, विचारलं तर म्हणाले नको गं, आहेत त्याच मुलांना जागा पुरत नाही. खुणा सांगते. पेरूगेट चौकातून सदाशिव पेठेत आत शिरलं की झेरॉक्सवाल्यांची रांग संपते तिथं जुनी दोन मजली इमारत, खाली सायकलचं दुकान, लाकडी जिना. शोधणाऱ्याला सापडेल.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढं येईलच.

आधी साधी माहिती. वरचा मजला मुलींचा, खालचा मुलांचा, दोन्ही मिळून ८० च्या आसपास सीट. सकाळी ६ ते रात्री ११. परीक्षेच्या आधी महिनाभर रात्री १ पर्यंत उघडी ठेवतात आणि तेव्हा मुलींना एकटं जाऊ देत नाहीत, नवी पेठेतल्या सगळ्या एकत्र, टिळक रोडकडच्या सगळ्या एकत्र असा ग्रुप झाला की मगच खालचं गेट उघडायचं. एसी नाही. पंखे आहेत पण पार्टिशनमुळं कोपऱ्यात हवा येत नाही. टेबलाला प्लग पॉइंट, वर कप्पा, खाली लॉकर. पाण्याचा फिल्टर जिन्यात, तिथंच चपलांचं कपाट. फी मी आले तेव्हा ८०० होती, आता १४०० झालीये, डिपॉझिट ५०० आणि ते सोडताना परत मिळतं.

हे परत मिळतं मी मुद्दाम लिहिलंय. याच्या आधी दोन महिने दुसऱ्या एका ठिकाणी होते, एकदम चकाचक, काचेचं दार, अंगठा लावून आत जायचं, आणि बाहेर भिंतभर फ्लेक्स, त्यावर निवड झालेल्या मुलामुलींचे फोटो. पहिल्या दिवशी मी त्या फ्लेक्ससमोर उभी राहून फोटो काढून पप्पांना पाठवला होता, म्हणलं पप्पा पुढच्या वर्षी इथं आपला फोटो. तिथून सोडताना डिपॉझिट मागितलं तर आज या उद्या या करत शेवटपर्यंत दिलं नाही. त्या वेळी पंधराशे रुपये म्हणजे माझी अर्ध्या महिन्याहून जास्त मेस होती.

इथं काकांच्या बाहेरच्या भिंतीवर एकही फोटो नाही. इतक्या वर्षांत इथून तहसीलदार झालेत, पीएसआय झालेत, एसटीआय म्हणजे राज्य कर निरीक्षक तर कितीतरी, मग फ्लेक्स का नाही लावत म्हणून मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "अगं, ज्यांची पोस्ट निघाली ती माझ्या खुर्चीमुळं निघाली असं भिंतीवर लिहिलं, तर ज्यांची नाही निघाली त्यांचं खापरही माझ्या खुर्चीवर फोडायला पाहिजे की नको? ती जास्त आहेत." तेव्हा मला वाटलं काकांना धंदा कळत नाही. आता कळतंय की पेठेत एवढं खरं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

आता त्यांच्या फॉर्मबद्दल, कारण मला या अभ्यासिकेतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. ऍडमिशनचा एक पानी फॉर्म आहे, नाव, गाव, पालकांचा नंबर, कुठल्या परीक्षेचा अभ्यास, इथपर्यंत ठीक. खाली दोन रकाने. एक, "कधीपर्यंत?" दोन, "नाही झालं तर?" मी तो दुसरा रकाना वाचला आणि अक्षरशः संताप झाला. गावावरून निघताना आईनं दही ठेवलं हातावर, पप्पांनी लिंबाचे पैसे आले तसे न मोजता दिले, आणि हा माणूस पहिल्याच दिवशी नाही झालं तर विचारतोय. मी तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं "होणारच". काकांनी वाचलं, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले पेननं लिहिलंयस, पुढच्या वर्षी नवीन फॉर्म देईन. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना नवीन फॉर्म भरावा लागतो आणि जुना शेजारी ठेवून भरायचा.

दुसरी गोष्ट रजिस्टर. अंगठ्याचं मशीन नाही, काका स्वतः दारात बसून आत गेल्याची बाहेर गेल्याची वेळ लिहितात, चहाला गेलं तरी. सुरुवातीला मला हे शाळेसारखं वाटायचं. साधारण चार महिन्यांनी मी घरी फोनवर सांगत होते की रोज बारा तास करते, खोटं बोलत नव्हते, मला मनापासून तसंच वाटत होतं कारण सकाळी लवकर जायचे आणि रात्रीच निघायचे. काकांनी माझ्यासमोर एका आठवड्याचं पान उघडून कॅल्क्युलेटर दिला. सकाळचा चहा ४० मिनिटं, मेस दीड तास, दुपारी रूमवर जाऊन झोप दोन तास, संध्याकाळचा चहा आणि चौकातल्या गप्पा, तिथं जाहिरात कधी येणार, जागा किती वाढणार, कोण म्हणतं पुढं जाणार, कोण म्हणतं नाही, हे रोजचं. हे सगळं वजा करून खरा अभ्यास निघाला सात तास चाळीस मिनिटं. मी ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलं, अजून आहे. पुढच्या महिन्यापासून दुपारची झोप टेबलावर डोकं ठेवून वीस मिनिटं आणि संध्याकाळचा चहा बंद करून डब्यातला गूळ शेंगदाणे. नऊ तासांच्या वर गेले. त्या दीड दोन तासांचं श्रेय मी नशिबाला देणार नाही. संध्याकाळच्या चहाला बोलवायला आलेल्या मैत्रिणीला रोज नाही म्हणायला काय लागतं ते ज्यानं म्हणलंय त्यालाच माहीत.

पण मग लॉकडाऊन आलं. राज्यसेवेची (एमपीएससीची ती परीक्षा, जिच्यातून उपजिल्हाधिकारी, तहसीलदार होतात) प्री म्हणजे पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती. मार्चमध्ये सगळं बंद, पेठ रिकामी झाली, मी दोन ड्रेस आणि एक पिशवी घेऊन जेऊर स्टेशनला उतरले, वाटलं पंधरा दिवसांत परत. पुस्तकं सगळी लॉकरमध्ये. परीक्षा पुढं गेली, परत पुढं गेली, ११ ऑक्टोबर ठरली तीही गेली, १४ मार्च २०२१ ठरली. ११ मार्चला ती पण पुढं ढकलली तेव्हा महाशिवरात्र होती, उपास होता, आणि आम्ही सगळी शास्त्री रोडवर रस्त्यात बसलो होतो. शेवटी २१ मार्चला झाली. म्हणजे जवळजवळ एक वर्ष परीक्षा आठ दिवसांवर आहे असं समजून जगलो.

त्या काळात काकांनी काय केलं ते लिहायलाच पाहिजे. बंद असलेल्या एकाही महिन्याची फी घेतली नाही. जूनमध्ये त्यांचा व्हिडिओ कॉल आला, म्हणाले लॉकरची डुप्लिकेट किल्ली माझ्याकडं आहे, तू बघत राहा, कुठली पुस्तकं पाठवू सांग. एक एक पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरायचे, हे का, हे का, असं करत माझी अकरा पुस्तकं आणि चार वह्या गोणपाटात शिवून पाठवल्या. असं त्यांनी तीसेक मुलामुलींचं केलं. सत्तरीला आलेला माणूस, मास्क लावून, लाकडी जिना चढउतर करत. पार्सलचा खर्च सुद्धा नंतर परत आल्यावर घेतला, ज्यांनी दिला त्यांचा. असा मालक मला मिळाला ही माझी काही कर्तबगारी नाही. त्याच गल्लीत दुसरीकडं बसणाऱ्या मुलींची पुस्तकं सहा महिने कुलपात पडून होती आणि त्यांची मेहनत माझ्याहून काडीनंही कमी नव्हती.

आणि सगळे परत आले नाहीत. खालच्या मजल्यावर नंदुरबारकडचा एक दादा होता, अर्थशास्त्र अडलं की वरच्या मजल्यावरून आम्ही सगळ्या जिन्यात जाऊन त्याला विचारायचो, चलनवाढ आणि रेपो रेट त्यानं मला केळीच्या भावावरून समजावला तसा कुठल्या क्लासमध्ये नाही कळला. टेस्ट सिरीजला तो कायम पहिल्या तिनात. दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. घरात तो मोठा, बहिणीचं लग्न राहिलेलं, दुकान सांभाळायला कोणी नाही. लॉकर रिकामा करायला सुद्धा तो आला नाही, पुस्तकं इथल्याच मुलांना द्या म्हणाला. आता जेव्हा कुणी स्टेजवर माईक हातात घेऊन सांगतं की मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच, तेव्हा मला तो जिन्यातला दादा आठवतो आणि मला ते वाक्य ऐकवत नाही. सोळा तास अभ्यास केला असं सांगणारा खोटं बोलत नसतो. पण सोळा तास करून घरी गेलेल्यांना सत्काराला कुणी बोलवत नाही म्हणून आपल्याला हिशोबाची एकच बाजू ऐकू येते.

हिशोबावरून आठवलं. माझ्या शेजारच्या सीटवर, १८ नंबरला, निलंग्याची ताई बसायची, गणितात बीएस्सी. एकदा रात्री गच्चीवर तिनं मला टेस्टच्या जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूला जे लिहून दाखवलं ते मी मावसबहिणीला फोनवर सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून इथं नीट लिहिते. प्रीच्या जीएसच्या म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरला १०० प्रश्न २०० मार्क, बरोबर आलं की २, चुकलं की पाव हिस्सा म्हणजे अर्धा मार्क जातो. समजा २० प्रश्न असे आहेत की त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि तुम्ही चारातला एक तुक्का मारला. सरासरीनं ५ बरोबर १५ चूक, म्हणजे १० वजा साडेसात, हातात अडीच. पण दिवस वाईट असला तर २ च बरोबर येतात, ४ वजा ९, उणे ५. दिवस चांगला असला तर ८ बरोबर, १६ वजा ६, १० मार्क. म्हणजे तीच मुलगी, तोच पेपर, नुसत्या दिवसावर १५ मार्कांचा फरक.

आता तेच २० प्रश्न, पण अभ्यास केलाय म्हणून चारातले दोन पर्याय उडवता आले, फिफ्टी फिफ्टी राहिलं. सरासरी १० बरोबर १० चूक, २० वजा ५, पंधरा मार्क. वाईट दिवशी ७ बरोबर, १४ वजा साडेसहा, साडेसात. चांगल्या दिवशी १३ बरोबर, २६ वजा साडेतीन, साडेबावीस. परत फरक १५ चाच.

ताईनं वाईट दिवसापासून चांगल्या दिवसापर्यंतच्या मार्कांच्या दोन्ही पट्ट्या एकाखाली एक काढल्या आणि म्हणाली बघ, दोन्हीची रुंदी सारखी आहे. अभ्यासानं पट्टी सरकली, बारीक नाही झाली. अभ्यास न केलेल्याच्या एकदम चांगल्या दिवशी १० आणि अभ्यास केलेल्याच्या साध्या दिवशी १५. पण कटऑफ जर त्या दुसऱ्या पट्टीच्या मधोमध पडला तर आत कोण आणि बाहेर कोण हे त्या सकाळी ठरणार. (यूपीएससीवाल्यांनी हे जसंच्या तसं घेऊ नका, तिथं चुकलं की एक तृतीयांश जातात म्हणून नुसता तुक्का मारला तर सरासरी शून्य येते.) मी तो कागद अजून जपून ठेवलाय. इतकी वर्षं मेहनत का नशीब यावर मेसमध्ये भांडणं व्हायची, एक म्हणणार सगळं नशीब, दुसरा म्हणणार नशीब बिशीब काही नसतं, आणि त्या दोन पट्ट्यांसारखं मला कुणी पटवून दिलं नव्हतं.

आणि लगेच पुढच्याच प्रीला ते अंगावर आलं. २३ जानेवारी २०२२. तेव्हा एसटीचा संप चालू होता. निलंग्याच्या ताईनं सेंटर लातूर घेतलेलं, ती घरी गेली होती आणि निलंग्यावरून लातूरला जायला गाडीच नाही. पहाटे तिच्या वडिलांनी तिला मोटरसायकलवर आणलं, पन्नासेक किलोमीटर, थंडीत, हाताची बोटं इतकी आखडली होती की पहिली दहा मिनिटं तिला पेन धरता येत नव्हतं. माझं सेंटर पुण्यातच होतं, रूमवरून चालत वीस मिनिटं, रात्री सात तास झोपले होते, सकाळी पोहे खाल्ले होते. ती पास झाली. मी सव्वा मार्कानं राहिले.

घरी येऊन उत्तरांची की बघितली तर माझे अकरा प्रश्न फिफ्टी फिफ्टीतले होते, त्यातले तीन बरोबर आले. सहा मार्क वजा चार, दोन. सरासरी दिवस असता तरी सव्वाआठ झाले असते. मी तीन दिवस अभ्यासिकेत गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तर काकांनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि म्हणाले पंख्याखालची ९ नंबर रिकामी झालीये, पाहिजे का. मी म्हणलं नको, १७ च राहू द्या. ताईला कुणी नशीबवान म्हणलं की ती म्हणायची हो, वडिलांची गाडी पंक्चर झाली नाही. आणि कुणी म्हणलं तू मेहनत केली म्हणून झालं, तर म्हणायची शेजारी १७ नंबरनं काय कमी केली. अशी पार्टनर मिळायला पण काहीतरी लागतंच. आज ती एसटीआय आहे.

त्याच वर्षी पुढं सीसॅट, म्हणजे प्रीचा दुसरा, गणित बुद्धिमत्ता आणि उताऱ्यांचा पेपर, नुसता पात्रतेपुरता केला, ३३ टक्के काढले की झालं, मेरिटला धरायचा नाही. माझ्यासारख्या आर्ट्सच्या, मराठी माध्यमातल्या मुलींना एकदम मोकळं वाटलं, आणि ज्या इंजिनिअर मुलांचा सगळा आधार सीसॅटवर होता त्यांची तोंडं उतरली. मी त्यासाठी काहीच केलं नव्हतं, त्यांनीही काही चुकीचं केलं नव्हतं. त्या प्रीला मी आरामात पास झाले, पुढं मेन्सला म्हणजे मुख्य परीक्षेला राहिले. मेन्सचं मी कुणावर ढकलत नाही, तिथं माझी तयारीच कमी होती, रिव्हिजन दोन विषयांचं झालंच नव्हतं.

त्या मेन्सच्या आधीच २०२२ चा ऑक्टोबर आला होता आणि नवीन फॉर्म. जुने तीन शेजारी ठेवले. पहिल्यावर "होणारच", दुसऱ्यावर "होणारच", तिसऱ्यावर रिकामं. या वेळी काकांनी पेन दिलं आणि बाजूला जाऊन बसले. मी अर्धा तास बसून होते. पप्पांचं वय, घरातलं कर्ज, धाकट्या भावाची फी, माझं वय २७. आणि मग आठवलं की माझ्याकडं टायपिंगची दोन्ही सर्टिफिकेट आहेत, मराठी ३० आणि इंग्रजी ४०. बारावीच्या सुट्टीत आईनं जबरदस्तीनं करमाळ्याला टायपिंगला घातलं होतं, मी रडत जायचे, मैत्रिणी सुट्टीत मामाच्या गावाला आणि मी टकटक करत बसलेली. आई चौथी शिकलेली, तिला कर सहायक (राज्याच्या कर खात्यातली गट क ची पोस्ट, तिला टायपिंग लागतं) म्हणजे काय माहीत नव्हतं, तिला फक्त एवढं माहीत होतं की बाजारात टायपिंगवाल्या बाईला सावलीत बसून काम मिळतं. मी त्या रकान्यात लिहिलं, "गट क, कर सहायक. टायपिंग आहे." आणि कधीपर्यंतमध्ये तारीख घातली.

त्या दिवसापासून रोज दुपारी एक तास टायपिंगचा परत सराव, खाली काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ज्या मुली माझ्याएवढ्याच अभ्यासाच्या होत्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी कर सहायकचा पर्यायच भरला नव्हता कारण टायपिंग नव्हतं. माझं झालं. २०२३ च्या गट ब आणि गट क च्या संयुक्त परीक्षेतून, टायपिंगची कौशल्य चाचणी देऊन. आता मी कर सहायक आहे. उपजिल्हाधिकारी व्हायचं होतं ते झाले नाही, त्याचं वाईट वाटतं, रात्री कधी कधी खूप वाटतं. पण पहिल्या पगाराचा मेसेज मी पप्पांना फॉरवर्ड केला तेव्हा ते लिंबाच्या बागेत होते आणि आईनं फोन घेऊन म्हणलं, "टायपिंगचंच आलं ना कामाला?" मला बोलता आलं नाही. माझ्या साडेचार वर्षांतला सगळ्यात शहाणा निर्णय मी घेतलेलाच नव्हता, आईनं घेतला होता, मी रडत असताना. तो रकान्यात लिहायचा निर्णय मात्र माझा.

आता त्या कापलेल्या अर्ध्या मार्काचं. मुलींच्या मजल्यावर ३५ जणींना एकच बाथरूम, सकाळी आणि रात्री रांग लागते, काकांना दहा वेळा सांगितलं, जागा नाही म्हणतात ते खरं आहे पण त्रास होतोच. एप्रिल मेमध्ये दुपारी १ ते ४ पत्र्याखालच्या सीटवर बसवत नाही, ३० च्या पुढच्या सीट उन्हाळ्यात घेऊ नका. गणपतीच्या आधी महिनाभर संध्याकाळी ढोल ताशाचा सराव असतो, खिडकीच्या काचा हलतात, विसर्जनाच्या दिवशी तर टिळक रोड आणि लक्ष्मी रोडच्या मधोमध आहोत आपण, त्या दिवशी अभ्यास होईल असं धरूच नका, गावी जाऊन या.

आणि एक गोष्ट नवीन येणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची. आम्ही होतो तेव्हा मेन्स जवळजवळ सगळी बहुपर्यायी होती, मांडीवर पुस्तक ठेवून गोल रंगवायची प्रॅक्टिस केली तरी चालायचं. आता २०२५ पासून राज्यसेवा मेन्स वर्णनात्मक आहे, १७५० मार्क लिहून काढायचेत आणि मुलाखत २७५. तीन तास पानंच्या पानं लिहायची सवय पाहिजे, त्याला टेबल रुंद लागतं, कोपर टेकलं पाहिजे. इथली जुनी टेबलं अरुंद आहेत. काकांनी मागच्या वर्षी खिडकीकडची बारा टेबलं बदलून रुंद केलीत, वरच्या मजल्यावर १२ ते २३. तीच मागा. बाकीची हळूहळू बदलणार म्हणालेत पण लाकूडवाला पैसे आधी मागतोय.

खर्चाचं पण सांगते म्हणजे घरी बोलता येईल. अभ्यासिका १४००, नवी पेठेत तीन जणींच्या खोलीत कॉट बेसिसवर (आपल्या एका कॉटचं भाडं) ३५०० च्या आत मिळाली तर घ्या, मेस दोन वेळची ३००० धरा आणि खाडे धरतात का ते आधी विचारा, कारण सणाला गावी गेलं की आठ आठ दिवस जेवण नसतं आणि पैसे मात्र पूर्ण घेतात. पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून, जुनी मिळतात, पण चालू घडामोडी जुन्या घेऊ नका. टेस्ट सिरीज, झेरॉक्स, रिचार्ज, दवाखाना धरून महिना दहा अकरा हजार लागतातच. हे दर महिन्याला न चुकता येणं ज्याच्या घरून शक्य आहे तो पेपर हातात यायच्या आधीच थोडा पुढं आहे, हे त्यानं विसरू नये आणि ज्याच्या घरून शक्य नाही त्यानं स्वतःला कमी समजू नये. माझ्या मजल्यावर दोघी जणी सकाळी पाळणाघरात काम करून ११ ला यायच्या. काका त्यांची फी अर्धी घेतात, पण हे त्या स्वतः सांगायच्या नाहीत आणि काकाही नाहीत, मला रजिस्टर भरायला बसवलं होतं म्हणून कळलं.

ऍडमिशनला आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि पालकांपैकी एकाचा चालू असलेला नंबर लागतो, त्यावर काका खरंच फोन करतात. दुपारी १ ते ४ काका झोपतात, तेव्हा जाऊ नका. सीट १७ आता जिंतूरच्या एका मुलीकडं आहे, मागच्या महिन्यात जाऊन भेटून आले. तिचा पहिलाच फॉर्म. दुसऱ्या रकान्यात तिनं काय लिहिलंय ते मला दिसलं, मी काही बोलले नाही, फक्त डावीकडची ट्यूब मिचमिच करते तिचा स्टार्टर बदलून घे म्हणलं.